पाटी लावायची राहून गेली

आता हे कोणत्या तोंडानं सांगू? पण चहा आलाच आहे आणि तुमच्यापैकी दोघं घर भाड्यानं द्यायचं म्हणताहेत, तर ऐका. सल्ला फुकट आहे, फक्त हसायचं नाही.

देवळीत माझं जुनं घर. त्यावर नवा मजला चढवला. चांगला भाडेकरू मिळावा म्हणून वर चकचकीत टाइल्स, स्टीलची रेलिंग, सगळं केलं. खाली आमच्याकडे तीच जुनी फरशी आणि रंग उडालेल्या भिंती. सगळा पैसा वरच गेला ना!

साळ्यानं बजावलं होतं, "भाऊजी, पहिल्याच दिवशी दाखवून द्या मालक कोण आहे ते. नाई तर भाडेकरू डोक्यावर बसते."

मला पटलं. 'घरमालक' असं ठसठशीत लिहून माझ्या नावाची पाटी वर्ध्याहून करून आणली. भिंतीला भोक पाडायला मिस्त्री तेवढा आला नाही. पाटी दिवाणाखाली राहिली.

भाडेकरू मिळाले समुद्रपूरकडचे, शाळेत शिकवतात. सर म्हणाले, "काका, राहाले येतानी सत्यनारायण घालू का?"

घाला की! माझा बेत ठरला. दारात खुर्ची टाकून, इस्त्रीचा सदरा घालून बसायचं. येणाऱ्या प्रत्येकाला कळलं पाहिजे.

पूजेच्या दिवशी ऐन वेळी वरची टाकी वाहायला लागली. सर आणि त्यांची बायको पाटावर, कथा सुरू, त्यांना उठता येईना. मीच बनियनवर धावलो, मोटर बंद केली, जिना पुसायला बसलो. तेवढ्यात सरांचे सासरे तळेगावहून गाडी भरून पाहुणे घेऊन आले.

"ओ भाऊ, चपला कोठी काढाव?"

दाखवलं. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, रेलिंगवर हात फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमी खाली राह्यता का?"

"हो."

"लय वर्षांपासून?"

"हो, लय वर्षं झाले."

"मंग तुमाले सांगतो, जवाई आमचा साधा आहे. मालक म्हणून तुमाले काई तरास नाई देणार."

बघा, इथंच बोलायला हवं होतं! मी तोंड उघडलंही. पण म्हातारा मागे वळून पाहुण्यांना अभिमानानं सांगत होता, "पाह्यलं? जवायानं घर बांधलं!" त्याचे डोळे भरून आले होते. आता त्या माणसाला सगळ्या पाहुण्यांसमोर खाली पाहायला लावायचं? म्हटलं, पूजा उरकू द्या, सर सांगतीलच.

पूजा लवकर उरकते का कधी?

तोवर सासरेबुवा घराची पाहणी करायला खाली उतरले. "हे गाडी आडवी काऊन लावली? पाहुणे येऊन राह्यले ना!" मी माझ्याच अंगणातून माझीच गाडी रस्त्यावर नेऊन लावली. मग भिंतीवरची ओल दिसली. "दुसऱ्याच्या घरात राह्यतो आपण, जरा जपून राहाव."

"हो जी, चुकलंच," मी म्हणालो. चुकलंच म्हणालो! बायको खिडकीतून पाहत होती. पदर तोंडात.

शेवटी त्यांनी खांद्यावर हात ठेवला. एकदम घरच्यासारखा आवाज. "एक काम होतं भाऊ. माह्या पुतण्याले देवळीत खोली पाह्यजे. तुमी खालचं घर कधी खाली करता?"

आणि मी, ज्याची पाटी दिवाणाखाली आहे असा मी, हात जोडून काय म्हणालो असेन?

"मालकाले विचारून सांगतो जी."

खिडकीतून फिस्सकन आवाज आला.

संध्याकाळी सर प्रसाद घेऊन आले. चेहरा उतरलेला. "काका, मले आत्ताच समजलं. मी आज फोन करून सासऱ्यांले सगळं सांगतो."

"राहू द्या हो," मी म्हणालो. म्हाताऱ्याचा तो चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. "एकदम नका सांगू. हळूहळू सांगा."

म्हणून सांगतो, आधी पाटी, मग भाडेकरू. दुसऱ्याच दिवशी मी स्वतः मिस्त्रीला पकडून आणला. त्यानं मशीन भिंतीला लावलं, तशी बायको बाहेर आली आणि त्याला थांबवून मला म्हणाली, "भोक पाडता खरं, पण मालकाले विचारलं का?"