उजव्या हाताने आवळलेले बोल्ट

रेवदंड्याला आमच्या समोर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक म्हातारा राहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. अर्धांगवायूने त्याचा उजवा हात लुळा पडला होता. त्याच्या मोटारसायकलच्या इंजिनातून तेल गळू लागलं, तेव्हा त्याने अंगणातच इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवलं आणि तो सांध्यात तेल अडवणारी पट्टी, जुनं गॅस्केट, खरवडत बसला. पाना मुद्दाम उजव्या हातात धरायचा. तो सारखा निसटायचा. न राहवून मी विचारलं, "काका, मी आवळून देऊ?"

"नको. बोल्ट तू आवळशील, पन हात माझाच ढिला ऱ्हाईल."

चौथ्या दिवशी नवं गॅस्केट बसलं, इंजिन सुरू झालं. तेलाचा थेंबही गळला नाही. त्याच्या बायकोने आणलेला चहा त्याने उजव्या हाताने घेतला. कप थरथरला, थोडा सांडलाही. पण तिने हात पुढे केला नाही.