एका जागेसाठी दोघी

"उंची ही तुझी कमाई नाही," असं म्हणत त्या आमच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, दोन बोटं खुपसायच्या. "ती आईबापाची. तुझं काय ते दाखव."

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमच्या या मॅडम स्वतः जेमतेम पाच फूट होत्या. पण टीममधली सगळ्यात उंच मुलगी, रिंगखाली उभी राहून खेळणारी सेंटर, घडवावी तर त्यांनीच, हे नवी मुंबईतल्या इतर कॉलेजांचे सरही कबूल करायचे. तुमच्याही शाळा-कॉलेजात असं कुणी असेल, ज्यांच्यावर धड रागावताही येत नाही आणि ज्यांना विसरताही येत नाही.

मी त्यांना ॲडमिशनच्या रांगेत सापडले. पाच फूट अकरा इंच. त्यांनी माझे मार्क विचारलेच नाहीत. बाबांना म्हणाल्या, "तुमच्या बहिणी किती उंच? आणि हिचे मामा?" बाजारात बैल बघावा तसं त्यांनी मला एकदा मागूनही पाहून घेतलं.

आई धास्तावली होती. "खेळून आणखी वाढली तर हिला नवरा कुठून आणू?"

"येईल की, स्टूल घेऊन," मॅडम म्हणाल्या आणि बाबांपुढे फॉर्म सरकवला.

पहिले दोन महिने त्यांनी मला एकही मॅच खेळू दिली नाही. रिंगखाली उभं राहून एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने बॉल टाकायचा, तो खाली पडू न देता पुन्हा पकडायचा. शंभर वेळा. बॉल कायम हनुवटीपाशी धरायचा, कोपरं बाहेर. जरा खाली आणला की त्या कुठूनतरी यायच्या आणि झडप घालून तो हिसकावायच्या. "बघ. एवढीशी बाई घेऊन गेली. मग तुझी उंची काय भाजायची?" सगळी टीम हसायची. मीही हसायचे, आणि घरी जाऊन रडायचे.

माझ्या मापाचे बूट बायकांच्या दुकानात मिळेनात, तेव्हा सबंध दुपार माझ्याबरोबर वाशीत फिरून त्यांनीच ते शोधून दिले. मी वाकून नाडी बांधत होते, तेव्हा डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तूच माझी सेंटर." तो हात मला फार दिवस पुरला.

हेच वाक्य त्यांनी दर्शनालाही सांगितलं होतं. ते कळायला मला वर्ष लागलं.

दर्शना उरणकडच्या गावातली, पुरती सहा फूट. वडील न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात कामाला. खेळाडू म्हणून तिला फी माफ होती आणि हॉस्टेलची खोली फुकट. जागा एक आणि आम्ही दोघी. मॅडम रोज आम्हाला एकमेकींवर सोडायच्या. "अंग लाव तिला. लागलं पाहिजे. लागल्याशिवाय सेंटर होत नाही कुणी." एकदा माझ्या कोपराने दर्शनाचा ओठ फाटला. मॅडमनी शिट्टी वाजवली नाही. मला म्हणाल्या, "आत्ता जमलं." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

तरी दर्शनाच जास्त चांगली होती. दुसऱ्या वर्षी स्पर्धेत सेंटरला तीच उतरली आणि मी बाकावर.

सेमीफायनलच्या सकाळी ती कपडे बदलायच्या खोलीत पाय पसरून बसली होती. उजवा गुडघा नारळाएवढा सुजलेला. मी तिला पट्टी बांधत होते.

"तू सांग ना मॅडमना," ती म्हणाली. "मी सांगितलं तर कामचुकार म्हनतील. मना उभं पन ऱ्हावत नाय."

"सांगते," मी म्हणाले.

मॅडमच्या खोलीपर्यंत गेले. त्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मी दारातूनच परतले. दर्शनाला म्हणाले, "सांगितलं. खेळ म्हणाल्या."

खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. रिंगवरून परतलेल्या बॉलसाठी, रिबाउंडला, उडी मारून ती खाली आली आणि गुडघा आत वळला. ती ओरडली तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. तिला उचलून नेईपर्यंत मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या होत्या. "ऊठ." आम्ही ती मॅच जिंकलो. दुसऱ्या दिवशी फायनलही जिंकलो.

महिन्याभराने दर्शनाचे वडील तिचं हॉस्टेलमधलं सामान न्यायला आले. खेळणं संपलं, तशी फीची माफीही संपली होती. मॅडमसमोर उभे राहून ते एवढंच म्हणाले, "पोरगी चालत आली व्हती, बाई."

"चालतच जाईल," मॅडम म्हणाल्या. "पळणार नाही, एवढंच."

मला पुढे खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. लग्नही झालं, स्टुलाशिवाय. मॅडम रिटायर झाल्यावर एकदा पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. त्या एकट्याच राहत. थकल्या होत्या, पण नजर तशीच होती. चहा झाला आणि इतकी वर्षं अडलेलं तोंडून निघालंच.

"मॅडम, दर्शनाचा गुडघा गेलाय, हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"होतं की," त्या म्हणाल्या. "सकाळी जिना उतरताना पाहिलं होतं मी तिला."

"मग खेळवलंत कशाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तू सांगायला आली होतीस ना? दारात उभी राहिलीस आणि परत गेलीस." मग त्या अगदी मायेने म्हणाल्या, "तेव्हाच मला कळलं, तू तयार झालीस."

मी पेढ्यांचा डबा तिथेच ठेवून उठले. पुन्हा त्या घरी गेले नाही.

परवाच्या रविवारी त्या गेल्या. टीममधल्या एका मैत्रिणीचा संध्याकाळी फोन आला. म्हणाली, माणसं फार नव्हती. दर्शना उरणहून आली होती, लंगडत. स्मशानात बसायला खुर्ची दिली तरी बसली नाही, सगळं होईपर्यंत उभी होती. निघताना तिने तुझी चौकशी केली. मग मैत्रिणीनेच विचारलं, "तू का नाही आलीस गं?"

मला निरोप सकाळीच मिळाला होता. पण ऑफिसच्या टीमची मॅच होती, आणि सेंटरला मी होते.