दुसऱ्याच्या आईचा आवाज

मुलांच्या निरीक्षणगृहात मी जायला लागले तेव्हा बोरीवलीच्या शाळेतली माझी समुपदेशकाची नोकरी नुकतीच संपली होती. वीस वर्षं शाळेत काढल्यामुळे मुलांचं दुःख आपल्याला कळतं असा माझा समज होता. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा झाला की निकाल लागेपर्यंत त्याला अशा घरात ठेवतात. लोक अजून त्याला रिमांड होमच म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी मी जायचे. मला दिलेली खोली पूर्वी शिवणकामाची होती. कोपऱ्यात दोन बंद शिलाई मशिनं, मध्ये दोन खुर्च्या आणि दार कायम उघडं, कारण तसा नियमच होता.

तो मुलगा माझ्याकडे आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत राहायचा आणि साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंडी जाळ्या जोडायचं काम शिकायचा. शेजारच्या खोलीतला त्याच्याच वयाचा मित्र तिथेच कामाला होता. एके दिवशी मालकाने याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली आणि हा रडला. मित्राने मोबाइलवर ते सगळं घेतलं आणि दुपारच्या सुट्टीत बाकीच्यांना दाखवलं. पोरं हसली. याने मित्राला जिन्यावरून ढकललं. खालच्या पायरीच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं. यानेच त्याला उचलून रिक्षात घातलं, हॉस्पिटलात नेलं आणि पोलीस येईपर्यंत तिथेच बाकावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी मित्र गेला.

बाल न्याय मंडळाने याला जामीन दिला होता. पण न्यायला कोणी नव्हतं. आई तो सहा वर्षांचा असतानाच वारली होती. वडील एका सोसायटीत वॉचमन होते. त्यांनी लिहून दिलं की, मुलाला घरी आणू शकत नाही, भिंतीला भिंत लागून त्या माणसांचं घर आहे. ते खोटंही नव्हतं.

पहिले दोन महिने तो माझ्यासमोर बसायचा आणि नखांच्या कडा कुरतडायचा. काही विचारलं तर म्हणायचा, "तुम्ही दुसऱ्या पोरांना बघा ना मॅडम. माझ्यात काय नाय आता."

मी शिकून आलेली पद्धत करुणेवर उभी होती. ज्याच्या हातून दुसऱ्याचं वाईट झालंय, त्याला आधी स्वतःकडे थोडं मायेने बघता यावं लागतं. नाहीतर आपण काय केलं याकडे त्याला डोळे उघडून बघताच येत नाही. लाज एवढी मोठी होते की मुलगा एकतर दुसऱ्यावर हात उचलतो, नाहीतर स्वतःवर. या मुलाच्या डाव्या दंडावर त्याने स्वतःच काढलेले ओरखडे होते. अधीक्षकांनी मला ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आम्ही श्वासापासून सुरुवात केली. हळू घ्यायचा, त्याहून हळू सोडायचा. ते त्याला जमायला लागलं. मग मी त्याला म्हटलं, "डोळे मिट आणि असं एक माणूस मनात आण, ज्याला तुझं सगळं माहीत आहे आणि तरी ते उठून जात नाही. तुझ्या बाजूला बसून आहे."

"असं कोण नाय."

"खरं नसलं तरी चालेल. मनाने बनव."

"नाय बनत."

मला त्याचं नवल वाटलं नाही. प्रशिक्षणात हाच सराव आमच्याकडून करून घेतला होता, तेव्हा मलाही कोणी सापडलं नव्हतं. शेवटी मी एक खोटीच बाई रचली होती, पांढऱ्या केसांची, आणि वेळ मारून नेली होती. त्याच्याकडून मात्र मी खरंखुरं मागत होते.

असे चार-पाच आठवडे गेले. एका शुक्रवारी त्याने बसल्या बसल्या विचारलं, "काकी चालेल काय?"

"कुठली काकी?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "त्याची आई."

मग पहिल्यांदा तो सलग बोलला. आई गेल्यावर वडिलांची ड्युटी बारा-बारा तास असायची. काकी मालवणकडची. शाळेतून आल्यावर दोन ताटं वाढायची, एक तिच्या पोराचं आणि एक याचं. तापात कपाळावर पट्ट्या ठेवायची. पाचवीत नापास झाला तेव्हा वडिलांनी पट्टा काढला होता, तर ही मध्ये उभी राहिली होती. "ती ओरडायची पण," तो म्हणाला, "पण तिचं ओरडणं लागायचं नाय."

मी त्याला थांबवायला हवं होतं का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. घरी मुलुंडला जाताना बसमध्ये मी त्याचाच विचार करत होते. ज्या बाईचं पोर गेलं, तिचीच माया या मुलाने उसनी घ्यायची, तीही तिला न विचारता. पण त्याच्याजवळ दुसरी माया नव्हती. मी त्याला तो चेहरा राहू दिला.

आणि त्याचा उपयोग झाला. तो डोळे मिटून काकीचा आवाज ऐकायचा. दंडावर नवे ओरखडे दिसेनासे झाले. एका मंगळवारी पहिल्यांदा तो मित्रासाठी रडला. तोवर तो रडला होता तो स्वतःच्या भीतीने. त्या दिवशी म्हणाला, "मॅडम, त्याला चष्मा लागला होता. नवीन. लाजायचा घालायला. वर्कशॉपमध्ये खिशातच ठेवायचा." एवढंच बोलला आणि पुढचा अर्धा तास शिलाई मशिनच्या चाकावर कपाळ टेकून रडत राहिला. मी बाजूला बसून होते.

त्यानंतर महिनाभराने परिविक्षा अधिकारी त्याच्या वडिलांशी बोलायला चाळीत निघाले. मुलाच्या घरची परिस्थिती बघून मंडळाला अहवाल देणं हे त्यांचं काम. मीही सोबत गेले. वडील प्रत्येक प्रश्नाला "साहेब, तुम्ही म्हणाल तसं" म्हणत होते. मी बाहेर आले तर शेजारच्या दारात एक बाई उभी होती. पन्नाशीच्या आतली, केस विस्कटलेले, हातात निवडायला घेतलेली मेथी. न सांगता मला कळलं.

"तुम्हीच काय त्या?" तिने विचारलं. "त्याच्याशी बोलायला जातात त्या?"

मी हो म्हटलं.

"काय बोलता?"

"ते मला सांगता येत नाही. माफ करा."

तिने मान हलवली, जणू हे उत्तर तिला ठाऊकच होतं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "त्याला बरं वाटावं म्हणून सरकार बाई पाठवतं. पाठवू दे. पण माका बघूक कोण इला? आठ महिने झाले. पोलीस इले, सही घेऊन गेले. दुसरा कोण नाय इला."

मी म्हटलं, "मी येऊ का?"

"तुम्ही नको. तुम्ही त्याच्या." आणि ती आत गेली. दार तिने लावलं नाही. भिंतीवर हार घातलेला फोटो दिसत होता. चष्मा नव्हता त्यात.

मी माझ्या एका मैत्रिणीला विनंती केली. ती वांद्र्याच्या एका दवाखान्यात घरचं माणूस गमावलेल्यांसाठी काम करते. ती दोनदा जाऊन आली. तिसऱ्या वेळी काकीने तिला सांगितलं की आता बोलून काय होणार, आणि तिने परत बोलावलं नाही.

पुढच्या मंगळवारी मुलाने मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही चाळीत गेला होता ना? काकी दिसली?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण या मुलाशी कोणीतरी खरं बोलावं, यासाठीच तर मी तिथे जात होते. "दिसली," मी म्हटलं.

"काय बोलली?"

"तिला फार दुःख आहे. आणि राग आहे."

"माझा."

"तुझाही."

तो उठून गेला. त्यानंतर तीन वेळा आलाच नाही. काळजीवाहकाने सांगितलं, जेवतो पण कुणाशी बोलत नाही. मला झोप लागेना. वाटायचं, त्याला एवढा एकच आवाज सापडला होता आणि तोही मीच बंद केला.

चौथ्या वेळी तो आला. खुर्चीत बसला. म्हणाला, "मी खूप विचार केला. ती रागावणारच. बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असतो तर मी पण रागावलो असतो." मग म्हणाला, "पण तेव्हा वाढायची ते पण खरं होतं ना मॅडम? ते तर खोटं नाय झालं?"

"नाही. ते खोटं नाही झालं."

"मग मी तेच ठेवतो. आताची काकी तिची तिला राहू दे."

मी ही पद्धत शिकून आले होते, पण एवढं सरळ मला कधी मांडता आलं नव्हतं.

या पद्धतीत शेवटी स्वतःला एक पत्र लिहायचं असतं. त्याने चार ओळी लिहिल्या. काकीच्या आवाजात नाही, स्वतःच्याच. त्यात माफी हा शब्द नव्हता. त्याने लिहिलं होतं की तू त्याला मारायला ढकललं नव्हतंस पण तो मेला, आणि हे दोन्ही तुला आयुष्यभर बरोबर घेऊन चालायचं आहे, तर नीट चाल.

निकाल लागला. निरीक्षणगृहात काढलेले दिवस धरून त्याला सोडलं आणि परिविक्षा अधिकाऱ्यांनी शोधून काढलेल्या त्याच्या आईच्या भावाच्या ताब्यात दिलं. मामा रत्नागिरीकडचे, त्यांचं वेल्डिंगचं लहानसं दुकान. न्यायला मामाच आले. वडिलांनी येतो म्हणून सांगितलं होतं, पण आले नाहीत. मुलगा फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आला.  

मामा अधूनमधून फोन करतात. पोरगं कामाला चांगलं आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, हसत मात्र नाही, असं सांगतात. गेल्या खेपेला त्यांनी एक गोष्ट सांगितली. वर्षातला एक दिवस, मित्र गेला ती तारीख, तो दुकानात येत नाही. सकाळीच निघतो आणि दिवेलागणीला परत येतो. चपला वाळूने भरलेल्या असतात.

"कुठे जातो ते विचारू काय?" मामांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "नको. त्या दिवशी फक्त दुकानात त्याची वाट बघू नका."