चिंधीमास्तरांनी बंद केलेली लिफ्ट

चिंधीमास्तर म्हणजे लिफ्टचे मेकॅनिक. हे नाव इतकं पक्कं चिकटलेलं, की खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागायचं. लिफ्ट तपासायला गेले की मास्तर खिशातून सुती चिंधी काढणार, लिफ्टच्या पोलादी दोराला हलकेच टेकवणार आणि डबा अगदी सावकाश चालवायला लावणार. दोरातली एखादी तार तुटलेली असली की तिचं टोक चिंधीत अडकतं. डोळ्याला न दिसलेलं चिंधीला कळतं. बाकीचे मेकॅनिक टॉर्च मारतात, सही ठोकतात आणि मोकळे होतात. मास्तर एका लिफ्टीला अर्धा दिवस खाणार. गिऱ्हाईक कावलं तर कावलं, यांना त्याचं काय!

माणूस नमाजी, पण त्याचा गाजावाजा नाही. लिफ्टचं यंत्र असतं ती खोली इमारतीच्या अगदी माथ्यावर. तिथेच पुठ्ठा अंथरायचा, नमाज पढायची आणि पुन्हा पाना हातात घ्यायचा. एकदा बायकोनं विचारलं, "दिवसभर त्या कोंदट खोलीत एकट्याला कंटाळा येत नाही?"

"एकटा कसला? तिघं असतो. मी, उजव्या खांद्यावरचा फरिश्ता आणि डाव्या खांद्यावरचा. उजवा माझं चांगलं लिहितो, डावा वाईट, एवढंच. बोलत नाहीत."

"मग डबाही तिघांचा देत जाऊ का?" बायकोही काही कमी नव्हती.

मास्तर हसले, पण फरिश्त्यांची गोष्ट त्यांना थट्टा वाटत नव्हती. वरच्या खोलीत कोण बघायला येतंय? एखादा बोल्ट अर्धाच आवळला तर कुणाच्या बापाला कळणार नाही. मास्तर तो पुरता आवळायचे, कारण बघणारे आहेत असं ते खरोखर धरून चालायचे.

हे सगळं त्यांना आपानं शिकवलेलं. आपा म्हणजे थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. आई कायम अंथरुणावर, वडील कामावर, त्यामुळे धाकट्याची आंघोळ, अभ्यास आणि धपाटे, तिन्ही खाती आपाकडे. ती भांडी घासायची आणि हा पुसता पुसता ईमानाच्या, म्हणजे श्रद्धेच्या, सहा गोष्टी बोटांवर म्हणायचा. एक अल्लाह, त्याला कुणी भागीदार नाही. त्याचे फरिश्ते. त्यानं उतरवलेल्या किताबी. त्यानं पाठवलेले पैगंबर. कयामतचा दिवस, जेव्हा मेलेले पुन्हा उठतील आणि ज्याला त्याला आपल्या करणीचा जाब द्यावा लागेल. इथवर आलं की हाताची बोटं संपायची आणि स्वारी गप्प. सहावी हमखास विसरायची. मग पाठीत धपाटा, आणि मागोमाग आपाचा आवाज, "तकदीर! बरी असो, वाईट असो, अल्लाहकडूनच."

गंमत बघा, पुढे मास्तरांची लोकांशी भांडणं झाली ती नेमकी या सहाव्या गोष्टीवरून. कुठे लिफ्ट आदळली, कुणाचा पाय मोडला आणि कुणी उसासा टाकून "तकदीर!" म्हणालं की मास्तरांचं डोकं फिरायचं. "तकदीर आहेच, मी कुठे नाही म्हणतो? पण दोर बदलणं तुझ्या हातात होतं की नाही? त्याचा जाब तुलाच द्यायचाय. तुझ्या आळसाचं खापर अल्लाहच्या नावावर फोडू नकोस!" त्यामुळे बरीच कामं हातची गेली. जाऊ देत म्हणायचे.

आपा ज्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायची, तिथली लिफ्ट हिसके द्यायला लागली. आधीच्या ठेकेदारानं वर्षभर नुसतं तेल घालून वेळ मारून नेलेली. शेवटी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी चिंधी टेकवली आणि ती अडकतच गेली. चारांपैकी दोन दोरांच्या तारा ठिकठिकाणी तुटलेल्या, तिसऱ्याची लक्षणंही धड नाहीत. त्यात भर म्हणजे, डबा सुटलाच तर त्याला धरून ठेवणारा ब्रेक गंजून बसलेला. मास्तरांनी मुख्य खटका पाडला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. नवे दोर यायला आठ दिवस लागणार होते.

इमारतीचे सेक्रेटरी धावत आले. तेही नमाजी, पहिल्या रांगेतले. "मास्तर, आठ दिवस! म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? आणि मरण काय लिफ्टीच्या हातात असतं? वेळ भरली असेल तो अंथरुणातही जाईल."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "मग गच्चीचा कठडाही काढून टाकतो. वेळ भरली नसेल तो पडणारच नाही!"

सेक्रेटरी तोंड वाकडं करून गेले. खरा प्रश्न सहाव्या मजल्यावर होता. आपाचं हृदय दोन वर्षांपासून नाजूक झालेलं, जिना चढायची बंदी. तिचे यजमान, म्हणजे मास्तरांचे दुल्हाभाई, दारातच उभे राहिले. "तुझ्या बहिणीपुरती तरी किल्ली दे. नड पडली तरच चालवू. ती एकटीच जाईल."

"दुल्हाभाई, एकटं माणूसही माणूसच. आपा, तू आठ दिवस माझ्याकडे चल. मी खुर्चीत बसवून सावकाश खाली नेतो. माझं घर तळमजल्यावर आहे."

"मला नाही जमायचं बाबा तुझ्या घरात," आपा आतून म्हणाली. "मला माझी उशी लागते, माझी खिडकी लागते. आणि आठ दिवसांत खाली जाऊन मला कुणाचं लग्न लावायचंय? बंद म्हणतोय तर राहू दे बंद."

मास्तरांनी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला आपाच्या छातीत कळ आली. अॅम्ब्युलन्स दहा मिनिटांत दाराशी उभी राहिली, पण सहा मजले उतरायचे होते. चौघांनी तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं आणि उचललं. जिन्याची वळणं अरुंद, दर वळणावर खुर्ची तिरकी करावी लागे. खाली पोचायला वीस मिनिटं लागली. हॉस्पिटलच्या दारात ती गेली. लवकर आणली असती तर वाचली असती का, या प्रश्नावर डॉक्टर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

मास्तर शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर होते. ते धावतपळत पोचले तेव्हा दारातच कुणीतरी कुणालातरी सांगत होतं, "लिफ्ट चालू असती तर..." बहीण गेल्याचं त्यांना त्या अर्ध्या वाक्यावरून कळलं.

दफन झालं. माणसं भेटायला येत होती आणि जो तो मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणत होता, "वेळ लिहिलेली होती, मास्तर." सेक्रेटरीही म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. मास्तर मान हलवायचे आणि आतल्या आत जळायचे. हेच वाक्य बोलणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर फाडून खाल्लं होतं. आता तेच वाक्य लोक त्यांच्या पदरात घालत होते, आणि ते घ्यायची लाज वाटत होती.

"तकदीरवर ईमान आहे ना तुमचं?" बायको एक दिवस चिडून म्हणाली. चार दिवसांत माणूस धड जेवला नव्हता.

"आहे ग. पण ती माझ्या सोयीची झाली की मला तिचा संशय येतो."

त्यांना एवढंच कळायला हवं होतं, की डाव्या खांद्यावरच्यानं त्या कुलपाबद्दल काही लिहिलंय का. आपाचं मरण आपल्या नावावर पडलंय का. फरिश्ते बोलत नाहीत हे तेच हसत सांगायचे, आणि आता त्याच गोष्टीनं त्यांचा जीव टांगणीला लागला होता. दुल्हाभाईही बोलत नव्हते. मशिदीत एकाच रांगेत उभे राहायचे, नमाज संपताना सलाम म्हणत मान फिरवली की दुल्हाभाईंचं तोंड मास्तरांकडे वळायचं, पण नजर खाली असायची. चाळीस वर्षांचा घरोबा होता. ज्या घरात मास्तर स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्यायचे, त्या घराचं दार वाजवायचा आता धीर होत नव्हता.

दोर आले. दुसऱ्या मेकॅनिकला पाठवा, असं सगळे म्हणाले. मास्तरांनी ऐकलं नाही. दोन दिवस खपून त्यांनी चारही दोर बदलले, ब्रेक खोलून साफ केला, डब्यात वाळूची पोती भरून दहा वेळा वरखाली केली. तिसऱ्या दिवशी दुपारी कुलूप काढलं आणि सहाव्या मजल्यावर गेले.

दुल्हाभाईंनी दार उघडलं. बस म्हणाले नाहीत.

"लिफ्ट सुरू झाली," मास्तर म्हणाले. "एवढंच सांगायला आलो होतो."

ते वळणार तोच दुल्हाभाई बोलले. आपा गेल्यापासून पहिल्यांदा. "थांब. एकच विचारतो, खोटं बोलू नकोस. त्या दिवशी सकाळी तुला कुणी सांगितलं असतं, की आज अकरा वाजता तिच्या छातीत कळ येणार आहे, तर कुलूप काढलं असतंस?"

नियम म्हणजे नियम, असं ठणकावून सांगता आलं असतं. सेक्रेटरींना असंच ठणकावलं होतं.

"काढलं असतं. धावत येऊन काढलं असतं. तिला, तुम्हाला, खुर्ची धरणाऱ्या चौघांना, सगळ्यांना त्याच डब्यात घातलं असतं. ते दोर या डोळ्यांनी बघितलेले असूनसुद्धा."

दुल्हाभाईंनी चौकटीला हात टेकला.

"म्हणूनच अल्लाह सांगत नसेल आपल्याला," मास्तर म्हणाले. "पुढचं सगळं त्यानं स्वतःकडे ठेवलंय, दुल्हाभाई. मला फक्त दोर दाखवले होते."

दुल्हाभाई दाराची चौकट धरून रडले. इतक्या दिवसांत ते रडले नव्हते. मास्तरही रडले, उंबऱ्याच्या अलीकडे उभ्या उभ्या. शेजारच्या बाईंनी दार किलकिलं केलं आणि पुन्हा लावून घेतलं.

बऱ्याच वेळानं दुल्हाभाईंनी तोंड धुतलं, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर येऊन दाराला कडी घातली.

"चल, तिच्या कबरीवर जाऊन येऊ," ते म्हणाले. "आणि लिफ्टनं जाऊ. माझे गुडघे दुखतात."