सासऱ्यांच्या हातचा कुर्ता

टेलरबाईंच्या टेबलावर मी जी साडी नेऊन ठेवली ती चुकीची होती. हे मला कळलं तेव्हा तिचा कुर्ता शिवून झाला होता, त्याला इस्त्री झाली होती आणि तो बायकोच्या अंगावरही चढला होता.

ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर मी पोट धरून हसलो असतो. पण मी उमरेडच्या विणकराचा मुलगा. बायकोही उमरेडच्याच विणकराची मुलगी, आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. आमच्यात तेव्हा अशी रीत होती की, ज्या घरात माग आहे त्या घरानं लग्नातली साडी बाजारातून आणायची नाही. मुलीच्या बापानं एक विणायची, मुलाच्या बापानं एक. दोघांच्या घरी माग असल्यामुळे आमच्या लग्नात दोन साड्या आल्या. दोन्ही कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, मधाच्या रंगाच्या, दोन्हींना लाल करवती काठ. हा काठ विणताना आडवं सूत नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांना दोन आणि मधल्या अंगाला एक. काठाचं आणि अंगाचं सूत जिथं एकमेकांत अडकतं तिथं करवतीसारखे दात उमटतात. दात जितके एकसारखे तितका हात चांगला, असं आमच्या गल्लीचं मत.

लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही साड्या शेजारी शेजारी अंथरल्या गेल्या आणि गल्लीतले सगळे वाकून पाहून गेले. शेवटी एका म्हाताऱ्या विणकराला विचारलं, कुणाची सरस? त्यानं दोन्ही काठांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "दोन्ही बराबर हायेत गा." त्या एका वाक्यानं माझे बाबा आणि माझे सासरे दोघंही जन्मभर नाराज राहिले.

आता दोघंही नाहीत. माग तर त्यांच्या आधीच गेले. आम्ही नागपूरच्या नंदनवनात राहतो, मी मौद्याला नोकरीला जातो, बायको शाळेत शिकवते. त्या दोन साड्या बेडरूममधल्या लोखंडी कपाटात वरच्या खणात असतात. म्हणजे असायच्या.

खरं सांगायचं तर या प्रकरणाची सुरुवात त्या चुकीच्या कितीतरी आधी झाली. बायको लग्नकार्यात नेहमी तिच्या बाबांचीच साडी नेसायची. भाच्याच्या मुंजीत तीच, नणंदेच्या वास्तूला तीच, शाळेच्या निरोप समारंभालाही तीच. माझ्या बाबांची साडी लग्नानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत नेसली असेल, मग नाही. मी तोंडानं काही बोललो नाही. पण दर वेळी ती आरशासमोर निऱ्या घालायला लागली की मी दारात उभा राहून काठ पाहायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, आले सासरेबुवा. गेलेल्या माणसाचा मत्सर करणं फार अवघड काम आहे. तो काही चुकतच नाही. तुम्ही तेवढे रोज चुकत राहता.

मत्सर आमच्या घरात पिढीजात आहे म्हणा. बाबांना तो कुर्त्याचा होता. आईच्या पिढीनं नऊवारी सोडून सहावारी धरली तेव्हा बाबांनी मागावर लांबी कमी केली, कुरकुर केली आणि विणत राहिले. मग माझी मोठी बहीण नागपूरच्या कॉलेजात जायला लागली. तिला रोज सकाळी उमरेडहून एस.टी. पकडायची असायची. आणि एक दिवस ती पंजाबी ड्रेस घालून घरी आली. फिकट निळा कुर्ता, पांढरी सलवार, खांद्यावर ओढणी.

बाबा मागावर बसले होते. त्यांनी मान वर केली. "हे कोनाचं घालून आली वं?"

"माहंच आहे, बाबा. साऱ्याच पोट्ट्या घालून राहिल्या. साडीत धावत्या एस.टी.त कोण चढन?"

बाबांनी मान परत खाली घातली. धोटा उचलला आणि विणायला लागले. त्या दिवशी मागाचा आवाज शेजारच्या गल्लीत ऐकू गेला असेल. सहावारीचं उत्तर त्यांच्याकडे होतं, कुर्त्याचं नव्हतं. वर्षभरात गल्लीतल्या सगळ्या मुली कुर्त्यात आल्या, मग त्यांच्या वहिन्या, मग घरापुरत्या का होईना त्यांच्या आयासुद्धा. साडी सणासुदीपुरती उरली. बाबा वर्तमानपत्रातला कुर्त्याच्या जाहिरातीतल्या बाईचा फोटो असा पाहायचे, जणू तिनं त्यांचं जेवणाचं ताट ओढून नेलं आहे. एखाद्या गोष्टीचा इतका मत्सर मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही, मला सोडून.

तर गेल्या वर्षी बायकोच्या वाढदिवसाआधी मला एक कल्पना सुचली. बायको शाळेत रोज कुर्ताच घालते. साडी वर्षातून चारदा निघते, कुर्ता आठवड्यातून दोनदा निघतो. माझ्या बाबांच्या साडीचा कुर्ता शिवला तर बाबा आठवड्यातून दोनदा जगापुढे येतील. सासरे वर्षातून चारदाच. ज्या कुर्त्यानं बाबांना हरवलं त्याच कुर्त्यातून ते जिंकणार. मला माझ्याच बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की मी चहा दोनदा प्यायलो.

बायको शाळेत गेल्यावर कपाट उघडलं. दोन साड्या, दोन मलमलच्या फडक्यांत गुंडाळलेल्या. पांढऱ्या फडक्यात बाबांची, पिवळ्यात सासऱ्यांची. हे मला पक्कं माहीत होतं. पांढरं फडकं उचललं, मापाला तिचा एक जुना कुर्ता घेतला आणि गल्लीच्या टोकाला टेलरबाईंकडे गेलो. त्यांच्या पुढच्या खोलीतच मशीन आहे.

बाईंनी साडी उलगडली आणि चष्मा लावला. "भाऊ, हे तं हातमागाची दिसते. वैनीले इचारलं का?"

"सरप्राईज आहे."

"एकदा कैची लावली की झालं बरं. मंग मह्याकडं रडत नका येऊ."

"माझ्या बाबांच्या हातची आहे," मी छाती काढून म्हणालो. "त्यांना आवडलं असतं."

हे शेवटचं वाक्य शुद्ध थाप होतं. असो.

कुर्ता मात्र अप्रतिम झाला. बाईंनी काठ खाली घेरावर लावला, बाह्यांच्या टोकाला लावला आणि न सांगता उजव्या बाजूला एक खिसा केला, त्याच्या तोंडालाही काठाची पट्टी. उरलेले तुकडे पिशवीत घालून दिले.

वाढदिवसाच्या सकाळी बायकोनं तो घातला. आरशात पाहिलं. खूश झाली, हे मी शपथेवर सांगतो. "खिसा पण आहे!" म्हणाली आणि खिशात हात घातला. हात घालताना तिचा अंगठा काठावरून गेला आणि थांबला. मग मागे आला. पुन्हा त्याच जागेवरून गेला.

"कोनती साडी दिली तुमी?"

"बाबांची."

"कोनाच्या बाबांची?"

"माझ्या."

"इकडं या." तिनं खिशाची कड माझ्यासमोर धरली. "हे दात पाहा. एकसारखे आहेत ना? आता हा पाहा."

एक दात वाकडा होता. शेजारच्यांपेक्षा आखूड आणि जरा कलता.

"हा माह्या हातचा आहे. बाबा पाणी प्याले उठले होते, तं मी मागावर बसली अन् धोटा फेकला. बाबांनी पाहिलं तं मले वाटलं उसवतीन. नाही उसवलं. म्हणे, राहू दे, तुह्याच लग्नाची आहे."

मी म्हणालो, "पण पांढऱ्या फडक्यात तर..."

"दिवाळीत दोन्ही काढल्या होत्या, घड्या बदलाले. एकाच घडीवर राहिला तं कोसा चिरते. फडके धुतले तवा अदलाबदल झाली असंन." मग ती माझ्याकडे पाहत राहिली. "फडकं पाहून नेली का जी तुमी साडी? इणकराच्या घरचे, अन् फडकं पाहून?"

 ती धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत मोठी झाली. मी मागाच्या खोलीतून बाहेर पडायचा रस्ता शोधत मोठा झालो. बाबा धोटा फेकायला बोलवायचे तेव्हा मला हमखास अभ्यास आठवायचा. इतकी वर्षं जिच्यासाठी जळलो ती बाबांची साडी मला ओळखताच येत नव्हती.

बायको रडली नाही. ती पिशवीतले तुकडे घेऊन पलंगावर बसली आणि एकेक तुकडा मांडीवर सरळ करत राहिली. मी पुढच्या खोलीत बसून टीव्ही बंद ठेवला. पुढचे दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं, "गॅस बंद केला का?" या दर्जाचं.

तिसऱ्या दिवशी ती तो कुर्ता घालून शाळेत गेली. मला वाटलं, माफी मिळाली. पण ही वेगळ्या शिक्षेची सुरुवात होती.

शाळेतल्या बाया तिच्याभोवती जमल्या. संध्याकाळी कॉलनीतल्या जमल्या. "कुठून घेतला वं हा?" बायको खिशात हात घालून उभी राहायची आणि शांतपणे म्हणायची, "घेतला नाही. माह्या बाबांच्या हातचा आहे." मग ती माग सांगायची, तीन धोटे सांगायची, वाकडा दात दाखवायची. बाया एकेक करून वाकून पाहायच्या. लग्नाच्या आदल्या दिवसासारख्याच, फक्त या वेळी शेजारी दुसरी साडी नव्हती.

महिन्याभरात नंदनवनात काय झालं ते सांगून खरं वाटायचं नाही. पेट्या उघडल्या. आयांच्या, सासूबाईंच्या साड्या बाहेर आल्या. टेलरबाईंच्या दारात नंबर लागायला लागले. समोरच्या घरातल्या दोन जावा सासूच्या एका नऊवारी लुगड्यावरून वर्षभर अबोला धरून होत्या. त्याचे दोन कुर्ते निघाले आणि दोघी एकत्र भाजी आणायला गेल्या. मागच्या गल्लीतली नवी सून सासूच्या कोशाचा कुर्ता जीन्सवर घालून स्कूटीवर फिरायला लागली आणि सासू गेटमध्ये उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना "माह्या लग्नातली" म्हणून सांगायची. सगळ्यांना उजव्या बाजूला खिसा हवा होता आणि खिशाला काठ हवा होता. टेलरबाई विचारायच्या, "मास्तरीणबाईसारखा का?"

आणि या सगळ्याच्या मुळाशी माझे सासरे. मी काय काय ऐकलं! मौद्याला डबा खाताना एक सहकारी म्हणाला, "काल मिसेसनं मोबाईलवर दाखवला, तुमच्या सासऱ्यांच्या हातचा कुर्ता. क्या बात है!" मी म्हटलं, "माझे बाबाही विणायचे." तो म्हणाला, "अच्छा? मंग लोणचं द्या जरा." जिममध्ये जाणाऱ्या शेजाऱ्यानं मला थांबवून सांगितलं, सासरे कलाकार होते तुमचे. किराणा दुकानात, डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये, सगळीकडे सासरे. माझ्या हातानं पिशवीत घालून नेलेले, माझ्या हातानं गावभर केलेले. आणि बाबा पिवळ्या फडक्यात गुंडाळलेले, कपाटात, अंधारात.

शेवटी मी हरलो. एका रविवारी बायकोला म्हणालो, "बाबांच्या साडीचाही शिवून घे ना. टेलरबाईंना मीच सांगतो."

"त्या साडीले हात लावला तं पाहा," ती म्हणाली आणि पोळी लाटत राहिली. काहून, ते सांगितलं नाही. मी ते पुन्हा अपमानाच्या खात्यात टाकलं. कुर्त्याच्याही लायकीचे नाहीत माझे बाबा, असं म्हणत दुपारभर पडून राहिलो.

यंदा उन्हाळ्यात उमरेडला तिच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मी अंगणात गाडी पुसत होतो. बायको तयार होऊन बाहेर आली. मधाचा रंग, लाल काठ. मी ती पाहिली आणि तीच काच पुसत राहिलो. पुन्हा चुकीची ओळखली तर, या भीतीनं.

"कोनाची आहे?" तिनं विचारलं.

मी काठाजवळ वाकलो. दात बारीक, जवळजवळ. वाकडा एकही नाही. "माझ्या बाबांची?" मी प्रश्नचिन्हासकट म्हणालो.

"पास झाले," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

लग्नात मी पुरुषांच्या रांगेत अडकलो, तिच्यापासून लांब. पंगतीच्या वेळी पाहिलं तर एक म्हातारी बाई तिचा पदर हातात घेऊन काठावरून बोट फिरवत होती. आमच्याच गल्लीतली, जुनी. "कोनाचा हात हाय वं हा?" मी ताट घेऊन तिकडे निघणार, तेवढ्यात बायकोचा आवाज ऐकू आला, "माह्या सासऱ्यांचा." म्हातारी मान हलवत म्हणाली, "तरीच." मी तिथंच, वाढप्यांच्या मधे, ताट घेऊन उभा राहिलो. त्या दिवशी मला जिलबी वाढायची राहिली आणि मला ते घरी आल्यावर कळलं.

परतताना गाडीत मी धीर केला. "इतकी सुंदर दिसते तुला. मग इतकी वर्षं काहून नाही नेसली?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. मग वळली.

"नेसली की तुमी दिवसभर माह्या मागं मागं फिरता जी. याले दाखव, त्याले दाखव, माह्या बाबांच्या हातची, माह्या बाबांच्या हातची. मी लग्नाले जाते का प्रदर्शनात बसते? आज तुमी तिकडं माणसाईच्या रांगेत बसले तं पाहा, आपोआप इचारलं लोकाईनं. माही तं कापली तुमी, आता नेसाले हेच एक उरली. पुढच्या लग्नातही हेच नेसीन. फक्त तुमी माणसाईतच बसा."