मोडलेली गुरगुर

मी बिघडलेली कुत्री सुधारते म्हटलं की लोक एकच म्हण तोंडावर मारतात: कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. मला हसू येत नाही. शेपटाची तक्रार घेऊन माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. तक्रार दातांची असते, आणि बहुतेक वेळा ते दात घरच्यांनीच पाजळलेले असतात.

नायगावच्या चाळीत आमच्या शेजारी एक जोडपं होतं, आजोबा आणि आजी, आणि त्यांचा तांबडा गावठी कुत्रा. चाळ पाडायला घेतली आणि तिघं नव्या टॉवरमध्ये गेले. चाळीत कुत्रा गॅलरीत जेवायचा, आजोबा आत पाटावर. टॉवरमध्ये गॅलरी नाही, म्हणून त्याचं ताट ओट्याखाली आलं आणि आजोबा समोर स्टूल टाकून बसू लागले. प्रेमच ते. भातात बांगडा कालवून द्यायचे आणि तो खाताना मध्येच हात घालून काटे वेचायचे. घशात अडकला तर, ही काळजी. कुत्र्याला एवढंच दिसायचं की दिलेलं परत काढून घेतायत. तो गुरगुरायला लागला.

सोसायटीच्या कमिटीने आधीच बजावलं होतं, कुत्रा कुणाला चावला तर घरात ठेवता येणार नाही. म्हणून घाबरून मला बोलावलं.

"माझं खातो आणि माझ्यावरच गुरगुरतो मेला!" आजोबा म्हणाले.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतो गो हा," आजीने भर घातली.

मी म्हटलं, "आजोबा, काटे आधी काढा, मग ताट ठेवा. खाताना हात घालू नका. येता-जाता लांबून एखादा चांगला तुकडा टाका. हात द्यायला येतो, न्यायला नाही, हे कळू दे त्याला. आणि गुरगुरला तर मारू नका. चावायच्या आधी सांगतोय तो तुम्हाला."

"सांगतोय? मला? कुत्रा?" त्यांनी असं बघितलं, जणू पट्टा माझ्याच गळ्यात हवा होता.

कुकरची शिट्टी दाबून धरली म्हणून आतली वाफ जात नाही. पण यांना त्रास शिट्टीचाच होता. गुरगुरला की चप्पल बसायची, तोंडावर, सगळ्या ताकदीनिशी. मग पुन्हा तोच हात ताटात, काटे वेचायला. काही दिवसांनी आजोबांचा फोन आला.

"तुझी शाळा राहू दे बाय. आमच्या चपलेने पास केला त्याला."

"खाताना अंग ताठ करतो का? ओठ वर उचलतो का?"

"करेना का! आवाज करत नाही ना? मग झालं तर."

मी फोन आपटला. शिकलेला कुत्रा आणि मार खाऊन गप्प झालेला कुत्रा लांबून सारखेच दिसतात.

पुढच्या रविवारी जावई जेवायला आला. आजोबांना मिरवायचं होतं. "बघा जावईबापू, आता हूं की चूं करत नाही," म्हणाले आणि ताटात हात घातला. कुत्र्याने हूं केलं नाही, चूंही नाही. सरळ बोटं धरली आणि हाडापर्यंत फाडली.

कमिटीने संध्याकाळपर्यंतही थांबायची तयारी दाखवली नाही. चावरी कुत्री ठेवून घेणारी एक जागा शहराबाहेर आहे, तिथे मीच बोलले. आजीला सांगितलं, "तिथून असं कुत्रं कुणी घरी नेत नाही. आता मरेपर्यंत पिंजऱ्यातच." ती ओट्याला धरून रडली. मला तिची दया आली नाही.

टेम्पो खाली उभा राहिला. कुत्रा पिंजऱ्यात गेला. आजोबा पट्टी बांधलेल्या हाताने ताट घेऊन उतरले. बांगडा-भात, आणि सगळे काटे आधीच काढलेले. ताट आत सरकवलं आणि सवयीने गजांवर हात ठेवून बसले. कुत्र्याचं खाणं थांबलं. अंग ताठ झालं, ओठ वर गेला, सगळे दात दिसले. घशातून काही आलं नाही.

"मेल्या," आजोबा रडत म्हणाले, "एकदा तरी गुरगुरायचंस रे!"

कुत्रा त्यांच्या हाताकडे बघत राहिला. आवाज त्याने केला नाही. आवाजाला काय मिळतं ते त्याला माहीत होतं.