हुपरीचे पैंजण आणि माझी पाटी

दिवाळीच्या तोंडावर घरची साफसफाई टाकून मी कोल्हापूरला निघाले, ती रेहानाच्या फोनमुळे. कॉलेजात आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसलो. ती लग्न होऊन हुपरीला गेली, मी पुण्यात वाणिज्य शिकवू लागले.

"सुमे, जन्मभर पोरांना मार्केटिंग शिकवलंस न्हवं? आता माझे पैंजण विकून दाखव," ती म्हणाली.

नेहमीच्या व्यापाऱ्याने यंदा यंत्रावरचा माल उचलला होता. रेहानाकडे हाताने घडवलेले नव्वद जोड पडून होते. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका सभागृहात तीन दिवसांचं दिवाळी प्रदर्शन होतं, तिथे तिने टेबल घेतलं होतं. माल खपला नाही तर चांदी वितळवून विकायची आणि काम थांबवायचं, असं तिने ठरवलं होतं. तिच्यासोबत शेजारच्या तीन घरांतल्या बायकाही घुंगरं बसवतात. त्यांचंही काम थांबणार होतं.

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आहे, लाज बाळगू नका. महामार्गाचं काम चालू असल्याने सहा तास धरून चाला. पाण्याची बाटली घरूनच न्या. कोल्हापूर स्थानकावरून हुपरीची गाडी मिळते. तासाभरात पोचलात तर नशीब.

हुपरीत दुकानं शोधत बसू नका, चांदीचं काम घराघरांत चालतं. एका घरात कड्या जोडतात, दुसऱ्यात डाग देऊन सांधे पक्के करतात, तिसऱ्यात घुंगरं बसवतात. रेहाना ओसरीवर डोळे मिटून बसली होती. डाव्या हातात एक पैंजण, उजव्यात दुसरं, आलटून पालटून कानाशी हलवत होती. मध्येच एक बाजूला टाकलं.

"वजनाला सारखंच आहे की," मी काट्यावर ठेवून दाखवलं.

"वजनाला हाय, आवाजाला न्हाय. बाई चालली की दोन्ही पाय एकच बोलले पायजेत." तिने त्यातली दोन घुंगरं बदलली, पुन्हा ऐकलं आणि जोड बांधला.

वेळेचा अपव्यय, असं मी मनात म्हटलं. मग मी कामाला लागले. येताना पारदर्शक डब्या आणल्या होत्या. हवेने चांदी काळी पडते, म्हणून प्रत्येक जोड कापसात घट्ट बसवून डबी चिकटपट्टीने बंद केली. रेहाना बघत होती.

"बंदच करायचं व्हय?"

"करायचं. शिस्तीत दिसलं पाहिजे."

ती गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा तिला पटलेलं नसतं, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. तरी मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी टेबलावर पांढरी चादर, नावाचा फलक, डब्यांच्या सरळ रांगा आणि पुढे माझ्या अक्षरातली पाटी: 'कृपया हात लावू नये'. बायका यायच्या, वाकून बघायच्या आणि शेजारच्या चकलीच्या टेबलाकडे जायच्या. दिवसभरात दोन जोड गेले.

दुसऱ्या सकाळी मी कळंब्याच्या तलावावर फेरी मारून आले. गर्दी नको असेल तर तिथेच जा. परतताना मिसळ खाल्ली. कटाला जपून, पांढऱ्या केसांची तिथे कुणी गय करत नाही.

दुपारपर्यंत एकच जोड विकला गेला. रेहाना म्हणाली, "शेजारच्या बायकांना निरोप देते, नवीन घुंगरं घेऊ नका म्हणून." फोन हातात घेतलाच होता, तेवढ्यात कागलच्या एक आजी टेबलापाशी थांबल्या. नातीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीसाठी पैंजण हवं होतं. त्यांनी डबी उचलून कानाशी हलवली. मी पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचलंय की, पावणं," त्या म्हणाल्या. "पण ही घुंगरं मुकी हाईत काय? डबीतलं पैंजण म्हंजे फोटोतलं मटण. बघायचं आन् घरला जायाचं."

रेहाना हसू दाबत होती. मी मात्र हसले नाही. परवा ओसरीवर जे ऐकलं होतं, ते मीच कापसात कोंबलं होतं.

"सोड ते," मी तिच्या हातातला फोन काढून घेतला आणि नखाने पट्टी उचकटली. रेहानाने जोड आजींच्या दोन्ही कानांशी हलवला.

"दोन्ही एकच बोलत्यात," आजी म्हणाल्या. "दे हे."

मग आम्ही दोघींनी सगळ्या डब्या फोडल्या. पाटी उलटी करून मागे लिहिलं: 'वाजवून बघा'. टेबलाभोवती असा छुमछुमाट झाला की चकलीवाली वैतागून म्हणाली, "अवो मावशी, माझं गिऱ्हाईक तुमच्याकडं वळलं की!" बायका चपला काढून पैंजण घालून बघत होत्या. रेहाना प्रत्येकीला आवाजावरून जोड कसा जुळवतात ते सांगत होती. ते मला सांगता आलं नसतं. मी पिशव्या भरल्या.

तिसऱ्या संध्याकाळी नऊ जोड उरले.

निघताना मी त्यातला एक विकत मागितला. रेहानाने दिला नाही. "तू वर्गात चोरपावलांनी येणारी बाई. पैंजण वाजून तुझ्या पोरांना आधीच कळलं आसतं तर?" असं म्हणून तिने न जुळलेलं, एकटं पैंजण माझ्या पर्समध्ये टाकलं.

हुपरीला जाणार असाल तर आधी विचारून घरात शिरा आणि घेण्याआधी ऐका. घाई करू नका. मी केली होती.

भाऊबीजेनंतर तिला फोन केला. उरलेले नऊ जोड वितळवले, म्हणाली. मला वाईट वाटलं.

"रडतीस काय? कागलच्या आजींच्या भावकीतनं ऑर्डर आलीया. लहान पोरींच्या मापाचे पायजेत. त्याच चांदीचे करतोय. थांब, ऐक."

फोनवर आधी डावं वाजलं, मग उजवं.

"सारखं हाय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "पुन्हा वाजव."